बर्चांचं देवक

माझ्या भाचीनं पुण्याहून फोन केला आणि सांगितलं, की तिला तिच्या कंपनीतल्या एका इंग्रज मुलाशी लग्न करायचंय. बापाला सांगायच्या आधी तिनं मला सांगितलं. आमच्याकडं तसंच असतं. आत्या म्हणजे खालचं कोर्ट. तिथं काय होतं ते बघायचं आणि मग वरच्या कोर्टात जायचं.

मी विचारलं, "आडनाव काय?"

"बर्च."

"हे काय आडनाव झालं?"

"आत्या, त्या आडनावाची एक गोष्ट आहे—"

"गोष्टी मला सांगू नकोस. जन्मभर वर्गात गोष्टीच सांगितल्यात मी. स्पेलिंग सांग."

तिनं स्पेलिंग सांगितलं, मी विचारलं तेवढं बाकीचं सांगितलं आणि फोन ठेवला. तिला काय सांगायचं होतं ते मी ऐकून घेतलं असतं, तर पुढचा तमाशा झाला नसता. पण आमच्या घराण्यात ऐकून घ्यायची पद्धत नाही.

मी हिंगोलीत राहते. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात एकाही इंग्रजाशी बोलले नव्हते, तरी माझ्या हाताखालून गेलेली पोरं इंग्रजीत पास झाली, यातच सगळं आलं. माझा धाकटा भाऊ पुसेगावला शेती करतो. दुसऱ्या दिवशी जीप धरून मी त्याच्याकडं गेले. वाटेत सगळी उत्तरं पाठ करत होते. तो विचारणार, धर्म कोणता. तर म्हणायचं, चर्चला फारसा जात नाही. तो विचारणार, पोरगी लांब नेईल का. तर म्हणायचं, पुण्यातच घर घेऊन राहिलाय. तो विचारणार, लोक काय म्हणतील. तर म्हणायचं, लोकांच्या तोंडाला कुणी हात लावलाय.

भाऊ अंगणात होता. हळद शिजवून वाळत घातली होती, अंगणभर पिवळा सडा. एका पायानं हळद परतत त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इंग्रज हाय तर हाय. हिंगोलीला त्याह्यची पलटण होती, आपल्या घराला काही तकलीफ झाली न्हाई त्याची. देवक काय त्याह्यचं?"

हे उत्तर मी पाठ केलं नव्हतं.

देवक म्हणजे कुळाचं झाड. कुणाचं कळंब, कुणाचं शमी, कुणाचं पाचपालवी. आमचं उंबर. लग्नाच्या आधी दोन्हीकडचे आईबाप आपापल्या झाडाची डहाळी आणतात, पूजतात, मांडवाच्या मेढीला बांधतात. तोवर मांडव म्हणजे नुसतं छप्पर. आणि दोन्हीकडचं देवक एकच निघालं, तर नवरानवरी भाऊबहीण ठरतात, लग्न मोडतं. मी म्हणाले, "अरे, इंग्रजाला कुठलं आलंय देवक?"

"आडनाव हाय ना? मग देवक असंल. आक्का, तू शिकलेली हायेस, शोधून काढ. कूळ कळाल्याबिगर मी मांडवात उभा राहणार न्हाई."

"अन् नाहीच सापडलं तर?"

"तर त्याह्यनी पुण्यात काय करायचं ते करावं. मी येणार न्हाई."

भावजय दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. एकुलती एक पोरगी. तिचं लग्न बापाविना, पुण्यातल्या कुठल्यातरी कचेरीत, सही करून. माझा भाऊ एकदा नाही म्हणाला की बैल जागचा हलेल पण तो हलत नाही. मी पण त्याच घरातली आहे. मी म्हणाले, "ठीक आहे, शोधते. मग मात्र फाटे फोडायचे नाहीत."

आता हा माणूस देवकाला एवढा का चिकटलाय, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, खेड्यातला आहे म्हणून. तसं नाही. गावात आता देवकाचं कुणी एवढं बघत नाही. फुलवाल्याकडून पाच पानं आणतात आणि बांधतात.

माझा भाऊ माझ्या आईच्या पोटचा नाही. आईबापाला मी एकटीच. आखाडा बाळापूरकडं माझी मावशी होती, तिला चार मुलगे. त्यातला तिसरा माझ्या वडिलांच्या मांडीवर बसवला, तोंडात साखर घातली, आणि तो आमचा झाला. तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी सात. ऐन वैशाखाचे दिवस. पोरगं आलं ते डोक्यात लाल लोकरीची कानटोपी घालून. मावशीनं निघताना घातली होती, प्रवासात ऊन लागू नये म्हणून. लोकरीची! बिचारीला काय सुचत असणार तेव्हा. ती टोपी तो काढेना. जेवताना नाही, झोपताना नाही, आंघोळीला बसवला तरी नाही. घामोळ्यांनी कपाळ भरून गेलं. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिसकून घे आणि टाक चुलीत. आईनं हात लावला नाही. म्हणाली, त्याची त्याला काढू दे. पोळ्याला त्यानं ती आपल्या हातानं काढली आणि आमच्या पांढऱ्या बैलाच्या शिंगात अडकवली, बेगडाच्या वर. बैल सगळ्या गावातून ती टोपी मिरवत आला. आई कडब्याच्या गंजीमागं जाऊन रडली. मला वाटलं, टोपी खराब झाली म्हणून.

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. दत्तक हा शब्दच आमच्या अंगणात कुणी उच्चारायचं नाही, असा नियम कुणी केला नव्हता, पण होता.

तो नियम पाळत पाळत मोडायचं काम माझ्या काकांनी केलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचं म्हणणं होतं की घरात रक्ताचा पुतण्या असताना बाहेरचं पोर कशाला. वडिलांनी ऐकलं नाही. तेव्हापासून काका माझ्या भावाला 'घरात आलेला' म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, तोच तर त्रास. हळद चांगली उतरली की, "घरात आलेल्याचा हात चांगला हाय." आई गेली तेव्हा यानं डोकं भादरलं, तर, "घरात आलेल्यानं सगळं बराबर केलं." बराबर केलं म्हणे! जसा काही तो परीक्षेला बसलाय आणि काका सुपरवायझर आहेत. माझा भाऊ जन्मभर बराबरच करत आला. सणवार, कुळाचार, खंडोबाची तळी, काही चुकू दिलं नाही. पोटच्या पोराला चुकायची मुभा असते. याला नव्हती.

म्हणून त्याला देवक पाहिजे होतं. काका मांडवात येणार आणि विचारणार, हे त्याला माहीत होतं.

मी घरी आले, चष्मा लावला आणि मोबाईल घेऊन बसले. आमचे हे येऊन शेजारी बसले. यांना मी काय करतेय ते कधी कळत नाही, पण शेजारी बसतात.

बर्च हे एक झाड आहे. हे मला माहीत असायला हवं होतं. मी पाठ्यपुस्तकातून हा शब्द शिकवलेला आहे आणि फळ्यावर अर्थ लिहिलाय, 'एक प्रकारचे झाड'. पोरांनीही वहीत लिहून घेतला, एक प्रकारचे झाड. कुणीही विचारलं नाही की कोणत्या प्रकारचे. आता माझ्यावर विचारायची वेळ आली.

तर इंग्रजांना फार पूर्वी आडनावं नव्हतीच. एका गावात एकाच नावाचे चौघे. मग कोण सुतार, कोण लोहार, कोण ओढ्याकाठचा, कोण टेकडीवरचा. ज्याच्या घराजवळ बर्चची झाडं होती तो बर्च. पुढं त्याची पोरंही बर्च, मग झाड तोडलं तरी बर्च. वाचून मी चष्मा काढला. यात इंग्रजी ते काय आहे? आपल्याकडं पिंपळे आहेत, जांभळे आहेत, बोरकर आहेत. त्यांच्या दारात तरी आता कुठं पिंपळ आणि बोर राहिलीय.

शिवाय असंही कळलं की त्या झाडाच्या फोका काढून तिकडचे मास्तर पोरांना झोडपायचे. हे वाचून मला त्या घराण्याबद्दल आपुलकी वाटली.

आणि शेवटची गोष्ट, जी वाचून मी यांच्या मांडीवर थाप मारली. बर्च म्हणजे भूर्ज. आपलं भूर्जपत्र ज्या झाडाच्या सालीचं असतं, ते हिमालयातलं झाड आणि हे इंग्रजी झाड एकाच जातकुळीतली. सख्खी नव्हे, चुलत.

मी परत पुसेगावला गेले. भाऊ होता, आणि नेमके काकाही येऊन बसले होते. बातमीला पाय असतात. मी सगळं सांगितलं. भाऊ लक्ष देऊन ऐकत होता, पोरगा पास होणार की नाही हे बाप ऐकतो तसं.

"म्हंजे झाडाचंच देवक हाय," तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा सैल झाला. "उंबर न्हाई ना?"

"उंबर नाही."

"फोकांचं म्हणालीस ते आपल्या निरगुडीसारखं."

"तसंच."

काका म्हणाले, "डहाळी कुठून आणायची?"

"हिमालयातून," मी म्हणाले.

"थट्टा करू नको, आक्का. देवक म्हंजे पान पायजे, डहाळी पायजे."

"साल मिळते. बाजारात."

"सालीचं देवक कुणी ऐकलंय का? अन् ते बी चुलत झाड म्हणून राहिलीस. देवकाला चुलत चालत असतं व्हय?" मग भावाकडं बघून, अगदी समजुतीनं, "तू मनाला लावून घेऊ नको. तू घरात आलेला, तुला या गोष्टी बारकाईनं ठाऊक असायच्या न्हाईत. म्हून बोललो."

भाऊ उठला आणि हळद परतायला लागला. ती सकाळीच परतून झाली होती.

मला असा राग आला की काही विचारू नका. पण काका वयानं मोठे. मी फक्त म्हणाले, "काका, चहा गार झाला." आणि तो गार चहा त्यांनी पिऊन टाकला. आमच्यात भांडण इतपतच होतं.

हिंगोलीत पूजेच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथं गेले. भूर्जपत्र मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "किसको बाँधना है? शनि का है या नजर का?"

"शादी का है."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जम नहीं रही क्या?"

"जमेल," मी मराठीत म्हणाले. "द्या तुम्ही."

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक तुकडा काढून दिला. कांद्याच्या सालीसारखा पातळ, तांबूस, वर आडव्या रेघा. मी तो डब्यात ठेवला आणि डबा पर्समध्ये. आमचे हे म्हणाले, "एवढंसं? याच्यावर लग्न?" मी म्हणाले, "आपलं तर नारळावर झालं होतं."

मग मुलगा आला. भाची त्याला घेऊन आली, पुण्याहून रात्रभर बसनं हिंगोलीला आणि तिथून आम्ही सगळे जीपनं. उंच, पाय जीपमध्ये मावेनात. मराठी बोलायचा. पुण्यात शिकलेलं मराठी, त्यामुळं आमच्यापेक्षा शुद्ध आणि जरा परकं. दारात आल्यावर बूट काढले, तरी अंगणातून आत जाईपर्यंत मोजे पिवळे झाले. भावजयीनं येसर आमटी केली होती, तिखट. तो घाम पुसत पुसत खात होता आणि म्हणत होता, "फार सुरेख झाली आहे. मला अजून थोडी चालेल." भावजय वाढताना म्हणाली, "चालंल काय, पायजे म्हण की." तो म्हणाला, "पायजे." तिथं भावजय त्याची झाली. आता राहिला बाप.

जेवण झाल्यावर सगळे पत्र्याखाली बसलो. भाऊ बाजेवर, हातात अडकित्ता. काका खुर्चीवर. मी मध्ये, दुभाषी म्हणून. खरं तर गरज नव्हती, पण मला कुणी उठ म्हणालं नाही. माझ्या पर्समध्ये डबा होता. काकांनी घसा साफ केला.

"बर्च आडनाव हाय म्हणतात. चांगलं हाय. किती पिढ्यांचं हाय तुमच्या घरात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलानं हात जोडले. भाची एकदम ताठ बसली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला त्या फोनवरची अर्धी राहिलेली गोष्ट आठवली.

"काका," तो म्हणाला, "हे आडनाव माझ्या आईवडिलांचं आहे. त्यांच्या घरात पुष्कळ पिढ्या आहे. मला ते त्यांनी दिलं. मी दत्तक आहे. तीन वर्षांचा होतो. त्याच्या आधीचं आडनाव मला माहीत नाही."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. अडकित्त्यात सुपारी होती, ती तशीच राहिली. तो शब्द आमच्या अंगणात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं उच्चारला होता, आणि तोही इतका स्वच्छ, की 'द' पण त्यानं आपल्यासारखा म्हटला. मी भावाकडं बघायचं टाळलं. वाटलं, संपलं. आता हा उठणार आणि हळद परतायला जाणार.

काकांना मात्र बरं वाटलं. वाईट माणूस नाही तो, उगाच का खोटं बोला. त्यांना खरंच तोड सापडल्यासारखं वाटलं. ते खुर्चीत पुढं सरकले.

"मग सोपं झालं की! म्हंजे याला आडनावच न्हाई. आपल्यातच कुणाच्या तरी मांडीवर बसवून टाकू. मागं गावात एका परजातीच्या पोराला लग्नासाठी न्हाई का केलं तसं? ही आक्का हाय, जावई हायेत. यांच्या मांडीवर बसवा, साखर घाला तोंडात, यांचं आडनाव लावा. देवक बी यांच्याच घरचं. पान हिंगोलीत मिळतंय. काही तकलीफ न्हाई."

खरं सांगते, मला ते पटलं. आम्हाला मूल नाही. माझ्या मनात एका क्षणात काय काय येऊन गेलं, ते मी इथं लिहीत नाही. आमच्या ह्यांनी तर पाय जवळ घेऊन मांडी नीट केली. त्या सहा फुटी माणसाला आत्ताच बसवून घेणार होते बहुतेक.

"न्हाई," भाऊ म्हणाला.

"काहून?"

"दत्तक गेलेलं लेकरू पुन्हा देत नसतात, काका."

भावानं सुपारी कातरली, पण खाल्ली नाही, हातातच ठेवली. "एकदा दिलं त्याला. एकदाच सोसतं ते. दुसऱ्यांदा मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर, ते काय पोतं हाय का?" त्याचा आवाज मोठा नव्हता. "त्याचं आडनाव न्हाई, असं काहून म्हणता? ज्यानं वाढवलं त्यानं दिलेलं हाय. त्याच्यासाठी काय काय बराबर करावं लागत असंल, ते तुमाला ठाऊक न्हाई. मला ठाऊक हाय. बर्च हाय तो. बर्चच राहील."

मग तो माझ्याकडं वळला. पोराला मराठी येत होतं, पण त्याला ते थेट विचारवेना.

"आक्का, त्याला विचार. तो आला तवा त्याच्या अंगावर काय होतं."

मी विचारलं. मुलगा जरा गोंधळला, मग हसला. "एक कोट होता. निळा. आई सांगते, मी तो काढायचोच नाही. झोपतानासुद्धा. मला वाटायचं, केव्हाही निघायला लागेल."

भावानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"माझी टोपी होती," तो म्हणाला.

एवढंच. भाचीनं बापाकडं बघितलं. तिला हे सगळं ठाऊक होतं, जसं गावाला ठाऊक असतं तसं. पण त्याच्या तोंडून नव्हतं ऐकलं. ती उठून त्याच्या शेजारी बाजेवर जाऊन बसली. बाज कुरकुरली. मी पर्समधून डबा काढला, कारण काहीतरी करायला पाहिजे होतं, नाहीतर मीच रडले असते आणि मला ते शोभत नाही.

काका डब्यात डोकावले. "साल हाय," ते म्हणाले. "अन् चुलत झाडाची."

"चुलत चालतं की, काका," भाऊ म्हणाला. "तुमी न्हाई का माझे चुलते?"

काकांनी त्याच्याकडं बघितलं. मग डबा घेतला, ती साल दोन बोटांत धरून उजेडाकडं केली, वास घेतला. "सुतळीनं बांधू नका," ते म्हणाले. "फाटंल. सुती दोरा घ्या." त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'घरात आलेला' मी ऐकलं नाही. कदाचित माझ्या मागं म्हणत असतील.

वैशाखात लग्न झालं, पुसेगावला, घरापुढच्या मांडवात. मुलाचे वडील तो लहान असतानाच वारले होते. आई आली, इंग्लंडहून, एकटी. बारीकशी, पांढऱ्या केसांची बाई, डोक्यावर उन्हाची टोपी. गावातल्या बायांनी तिला नऊवारीत गुंडाळली आणि तीही निमूट गुंडाळून घेत होती. काही विचारलं की हसायची.

नवऱ्याकडचं देवक बसवायला बापाबरोबर आई लागते, आणि बाप नसेल तर काय करायचं यावर भटजी आणि काका यांचं बराच वेळ चाललं. शेवटी काका म्हणाले, "तिनं वाढवलंय ना एकटीनं? मग तीच बसंल." आणि ती पाटावर बसली. समोर सूप, सुपात तांदूळ, तांदळावर भूर्जाची साल. तिला मी सांगितलं, हे तुमच्या आडनावाचं झाड आहे. तिनं ती साल ओळखली. बोटानं हळूच कुरवाळली आणि म्हणाली, घराच्या मागं आहे आमच्या एक, पान गळायला लागलं की झाडून झाडून कंबर मोडते.

पूजा झाल्यावर साल मेढीला बांधायची होती. ती उठायला लागली तर नऊवारीत पाय अडकला. माझा भाऊ पुढं झाला. वधूपित्यानं वराकडचं देवक बांधायचं नसतं. भटजींनी तोंड उघडलं, आणि काकांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी ते मिटलं. एका बाजूला आमची उंबराची डहाळी होती. त्याच्या शेजारी भाऊ ती साल सुती दोऱ्यानं बांधायला लागला. ती शेजारी उभी राहून बोटानं धरत होती, फाटू नये म्हणून.

बांधता बांधता तो म्हणाला, "आक्का, त्याह्यला एक विचार."

"काय?"

तो दोऱ्याची गाठ मारत होता, वर बघत नव्हता. "हे पोरगं घरी आणलं तवा, ते आपलं होईल का न्हाई, अशी भीती वाटली होती का, म्हणावं."

हा प्रश्न त्याला कुणाला विचारायचा होता, ते मला कळलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या हयातीत त्याला हे विचारता आलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही.

मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं. शब्द सापडेनात, पण तिला कळलं. तिनं साल धरलेलं बोट काढलं नाही. लांब मांडवात तिचा मुलगा पोरांच्या गराड्यात मुंडावळ्या सावरत उभा होता, त्याच्याकडं बघत ती दोनच वाक्यं बोलली.

"काय म्हणून राहिली?" भावानं विचारलं.

"रोज वाटायची, म्हणतेय," मी म्हणाले. "तो कोट काढेपर्यंत रोज."

भावानं गाठीवर आणखी एक गाठ मारली. मग उपरण्यानं तोंड पुसलं, आणि तसाच उपरण्यात तोंड घालून मेढीला टेकून उभा राहिला. लग्नघरात बाप रडतोच, म्हणून कुणी विचारलं नाही.